मोटरीचा नंबर

माझ्या फोनमध्ये मोटरीचा नंबर होता. टोपणनाव नाही, खरोखरच्या मोटरीचा. नेकनूरच्या पुढं आमचं गाव, गावाबाहेर आमची विहीर, विहिरीत पाण्याची मोटर, आणि विहिरीवरच्या स्टार्टरला जोडलेली एक पांढरी पेटी. पेटीत सिमकार्ड. बीडात बसून त्या नंबरला फोन लावला की पेटीतली रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. ही पेटी बसवली तेव्हा मी इतक्या रुबाबात होते की आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

मी बीडात एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. शेतीतलं मला सगळं कळतं असं मी धरून चालले होते. कारण काय, तर मी शेतकऱ्याच्या घरात जन्मले. लहानपणी मला खुरपायला नेलं की मी बांधावर बसून पुस्तक वाचायचे आणि ऊन लागलं म्हणून रडत घरी यायचे, एवढाच माझा अनुभव. पण गाव सोडून शहरात आलेल्या माणसाला गावाकडचं दरवर्षी जास्त जास्त कळायला लागतं. मला तर लईच कळायला लागलं होतं.

रान माय करायची. वडील गेल्यापासून एकटीच. मी एकुलती एक, लग्न करून बीडात बसलेली. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला काकांचं रान. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मधे नुसता एक बांध. वडिलांचं तेरावं झालं त्याच दिवशी, पंगत उठायच्या आत, काकांनी विषय काढला होता की वैनीला हे एकटीला झेपायचं नाही, रान मला बटईनं द्या. म्हणजे कसायचं त्यांनी आणि माल निम्मा निम्मा. माय म्हणाली, बघू. मायच्या 'बघू'चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, तो 'नाही' असा आहे. काकांनाही माहीत होता, पण ते दर दिवाळीला नव्यानं विचारायचे.

मला काकांचा राग यायचा. राग मला तसाही पटकन येतो. पण खरं सांगायचं तर मायनं रान सोडावं असं मलाही वाटायचं, फक्त माझं कारण चांगलं होतं असं मला वाटायचं. तिनं बीडात माझ्याकडं यावं, आरामात राहावं, टीव्ही बघावा, तिचे गुडघे दुखतात ते दुखू नयेत. तिला हे सुचवलं की ती म्हणायची, कांद्याला पाणी कोण देईल? आणि पाणी देणं म्हणजे लाईटच्या मागं पळणं. एक आठवडा थ्री फेजची लाईट दिवसा, एक आठवडा रात्री, त्यातही मधेच जाते, मधेच येते. आली की विहिरीवर जाऊन बटन दाबा, गेली की बसा वाट बघत. तिथून ही पेटी माझ्या डोक्यात शिरली. आधी मोटर फोनवर, मग हळूहळू बाकीची शेती फोनवर, आणि शेवटी माय बीडात, असा माझा तीन पायऱ्यांचा हिशोब होता.

पेटी बसवायला बीडहून मेकॅनिक नेला. त्यानं वायरी जोडल्या आणि विचारलं, मेन नंबर कुणाचा टाकायचा. मेन नंबर एकच असतो. लाईट आली, गेली, की पेटी त्या नंबरला आपणहून फोन करते. बाकी कुणाचा नंबर आत घ्यायचा की काढायचा, तेही त्या मेन नंबरवरूनच ठरतं. माय तिथंच होती, मेकॅनिकला चहा देत होती. मी माझा नंबर सांगितला. पेटी मी घेतली, मेकॅनिक मी आणला, मग नंबर दुसऱ्या कुणाचा असणार? मेकॅनिक म्हणाला, मावशींचा पण टाकू का? मी म्हटलं, नको, तिचा बटनांचा फोन आहे, उगीच घोटाळा व्हायचा. मायनं कपबशी हातात धरून एवढंच विचारलं की मग मी मोटर कशी चालू करायची. मी म्हटलं, तुला आता काहीच करायचं नाही, बटनाला हातही लावायचा नाही, मी तिकडून करत जाईन.

"बघू," माय म्हणाली. मी आनंदात होते, त्यामुळं मला ते साधंच ऐकू आलं.

त्यानंतर माझे दिवस सोन्याचे आले. फळ्यावर समीकरण अर्धं लिहून झालेलं असायचं आणि टेबलावर फोन वाजायचा. मी स्पीकरवर टाकायचे, पेटीतली बाई अगदी अदबीनं सांगायची की आपल्या मोटरला वीजपुरवठा सुरू झाला आहे. पोरं हसायची. मी एक दाबायचे, हात झटकायचे आणि परत समीकरणाकडं वळायचे. एका पोरानं एकदा विचारलं, मॅडम, बीडातून दाबलं तर पाणी तिकडं पोचायला किती वेळ लागतो? मी त्याला वेग, वेळ आणि अंतर समजावून सांगितलं. लग्नाकार्यात तर मी पंगतीत बसून मोटर चालू करून दाखवायचे. बायका जिलेबी हातात धरून बघायच्या. स्टेटसला मी कांद्याच्या वाफ्यांचा फोटो ठेवला आणि खाली लिहिलं, 'शेती आता बोटावर'. फोटो मी मायला काढून पाठवायला सांगितला होता, आणि तिनंही तो शेजारच्या पोरीकडून काढून घेतला होता, हे मी लिहिलं नाही.

मोटरीचे लाडही मीच करायचे. सिम माझ्या नावावर, म्हणून मोटरीचा रिचार्ज माझ्याकडं. घरात नवऱ्याचा रिचार्ज संपून तो दोन दिवस माझ्या वायफायवर पडून असायचा, पण मोटरीचा एक दिवस आधी भरलेला. मोटरीच्या नंबरवर कर्ज पाहिजे का म्हणून मेसेज यायचे. नवरा म्हणाला, तुझ्या मोटरीची पत आपल्यापेक्षा चांगली दिसते. मी त्यावर चिडले, कारण ते खरंच होतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी तेव्हा कुणालाच सांगत नव्हते. मोटर चालू झाली म्हणजे पाणी दिलं असं होत नाही. पाणी पाइपातून दंडात, म्हणजे मातीच्या पाटात पडतं, दंडातून वाफ्यात जातं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. असं मोटर चालू असेपर्यंत खोरं घेऊन उभं राहावं लागतं. आमच्याकडं याला दारं धरणं म्हणतात. दारं धरायला माणूस लागतो आणि तो माणूस माय होती. म्हणजे माझ्या बोटावरच्या शेतीचा कारभार असा चालायचा की मोटरीचा फोन मला यायचा, मी एक दाबायचे, आणि मग मायला फोन करायचे की मोटर चालू केली, दारं धरायला जा.

आणि माय जायची. जेवत असेल तर भाकरी टोपल्यात टाकून जायची. डोक्यावरून पाणी घेतलेलं असेल तर ओल्या केसांनी जायची. पूर्वी निदान तिच्या मनानं तरी चालायचं. भाकरी झाली की विहिरीवर जाऊ, असं ती ठरवायची आणि जायची. आता तिचं पाणी माझ्या दहावीच्या तासावर ठरायला लागलं. तास संपला की मला वेळ, मला वेळ म्हणजे मोटर चालू, मोटर चालू म्हणजे माय पळत. लोक रानात सालगडी ठेवतात, मी माझी आई ठेवली होती, आणि वर सगळ्यांना सांगत फिरत होते की मायला किती आराम झालाय.

तिनं कधी तक्रार केली नाही का? केली. एकदा म्हणाली, जरा आदी सांगत जा. मी म्हटलं, माय, लाईट काय मला सांगून येते का? हे उत्तर मला इतकं आवडलं की मी ते स्टाफरूममध्येही सांगितलं.

रानात असली की माय फोन उचलत नाही. कमरेला लावला तर चिखलात पडतो, म्हणून ती तो कापडी पिशवीत घालून लिंबाच्या फांदीला अडकवते. तो वाजत राहतो आणि ती दूर वाफ्यात असते. यावरून मी एक नियम काढला होता. मायनं फोन उचलला तर ती घरी आहे, तिला रानात जायला सांगायचं. उचलला नाही तर ती रानातच आहे, सांगायची गरजच नाही. गणिताच्या बाईला शोभेल असा सुटसुटीत नियम होता, आणि कैक दिवस तो बरोबरच ठरत गेला.

त्या दिवशी मी संभाव्यता शिकवत होते. सोयाबीनचे दिवस होते, गावभर काढणी चाललेली. वरच्या तुकड्यात आमचा कांदा नुकताच लावलेला. भर दुपारी मोटरीचा फोन आला की वीजपुरवठा सुरू झाला आहे. मी पोरांना गणित घालून दिलं आणि मायला फोन लावला. पूर्ण रिंग वाजली, उचलला नाही. म्हणजे रानात आहे. सिद्ध झालं. मी एक दाबलं.

त्यानंतर माझा दुसरा तास होता, मग डब्याची सुट्टी, मग परत तास. मधे एकदा मी मोटरीला फोन करून बघितलं. बाई म्हणाली, आपली मोटर सुरू आहे. भाजी खाता खाता मला फार समाधान वाटलं. वरच्या तुकड्यात पाणी खळखळतंय, माय खोरं घेऊन वाफे भरतेय, असं चित्र मी डोळ्यांपुढं आणलं आणि त्या चित्रात माय हसत होती, एवढी माझी कल्पनाशक्ती दांडगी.

माय नेकनूरच्या बाजारात होती. आठवडी बाजार होता. लसूण, तेल, मीठ आणि एक चप्पल घ्यायला ती सकाळच्या गाडीनं गेली होती. फोन पिशवीत, वर लसूण, भोवती बाजाराचा कालवा. बाजाराला चालले असं ती मला सांगणार तरी कशी? मी फोन करून तिला कामाला लावायचे, आज तुझा काय बेत आहे असं मी कधी विचारलेलंच नव्हतं.

काकांचा फोन आला तेव्हा मी खडू हातात घेऊन उभी होते. काका मला फोन करत नाहीत. ते अगदी शांतपणे म्हणाले, "पोरी, तुझी मोटर बंद कर. पाणी माझ्या सोयाबीनमधी शिरलंय."

त्यांचं खळं आमच्या बांधाला लागून, उतारावर. सोयाबीन काढून त्यांनी तिथं गंजी घातली होती, मळणी यंत्राची वाट बघत. आमच्या दंडातलं पाणी पहिल्या वाफ्यात मावेना, त्यानं वाफा फोडला, दुसरा फोडला, नवं लावलेलं कांद्याचं रोप उचललं आणि बांध ओलांडून थेट गंजीच्या बुडाशी जाऊन बसलं. वर्षाचं पीक एका जागी रचून ठेवलेलं आणि त्याच्या खाली माझं बोटावरचं पाणी.

मी वर्गाबाहेर पळाले आणि मोटरीला फोन लावला. पेटीतल्या बाईला कसली घाई नव्हती. तिनं मला नमस्कार केला. आमच्या सेवेत आपले स्वागत आहे म्हणाली. मी दोन दाबलं. ते लवकर दाबलं गेलं बहुतेक, कारण ती म्हणाली, आपला पर्याय समजला नाही, आणि परत पहिल्यापासून नमस्कार. मग वीजपुरवठा सुरू आहे हे सांगितलं, व्होल्टेज किती आहे तेही सांगितलं. मी तिला शिवी दिली. ती म्हणाली, आपला पर्याय समजला नाही. रेंज गेली. परत लावला. परत नमस्कार. कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी फोनवर इतकी ओरडत होते की बाजूच्या वर्गातले सर बाहेर आले. शेवटी मला दोन दाबता आलं, तेव्हा बाई म्हणाली की आपली मोटर आधीच बंद आहे. तोवर काका विहिरीवर चालत जाऊन स्टार्टरचं लाल बटन दाबून परत आले होते.

मी रिक्षानं स्टँड गाठलं आणि नेकनूरची बस धरली. बसमध्ये मी रडले वगैरे नाही. मी बचाव तयार केला. दोष लाईटवाल्यांचा, कारण ते कधीही लाईट देतात. दोष पेटीचा, कारण ती फार बोलते. दोष काकांचा, बांधाला लागून गंजी कशाला घालायची? आणि दोष मायचा, तिनं फोन का उचलला नाही? नेकनूर येईपर्यंत मी माझी निर्दोष सुटका करून घेतली होती आणि मायवर चिडायलाही सुरुवात केली होती.

खळ्यावर पोचले तर माय माझ्या आधी तिथं होती. बाजाराची पिशवी बाभळीला अडकवलेली, पदर खोचलेला, आणि ती गंजीच्या बुडातून ओल्या सोयाबीनचे पेंढे ओढून काढत होती. काका आणि त्यांच्या घरचेही लागलेले. कुणी माझ्याशी भांडलं नाही. मी इतकी तयारी करून आले होते आणि ती ऐकायला कुणीच रिकामं नव्हतं. माय माझ्याकडं बघून फक्त म्हणाली, चप्पल काढ, रुतंल. मी चप्पल काढली, साडी खोचली आणि ओढायला लागले.

सोयाबीनच्या शेंगा टोचतात हे मला माहीत नव्हतं. शेतकऱ्याची पोर मी, आणि वयाच्या चाळिशीत मला हे कळलं. ओलं वेगळं करायचं, सुक्या जागी पातळ पसरायचं, खालच्या अंगालाही ऊन लागावं म्हणून परत उलटायचं. रजा टाकून मी तिथंच राहिले. पुढचे काही दिवस आम्ही दोघी सकाळी उठून काकांच्या खळ्यावर जायचो आणि त्यांचं सोयाबीन उलटत बसायचो. माझे तळहात सोलले, पाठ धरली. माय गुडघ्यावर हात ठेवून उठायची, गुडघ्यावर हात ठेवून बसायची, तरी माझ्या पुढंच असायची. दर तासाला मला वाटायचं की आता ती काहीतरी बोलेल, आणि ती म्हणायची, तिकडचं उलटायचं राहिलंय.

बुडातलं थोडं काळं पडलं, थोड्याला कोंब आले, बाकीचं वाचलं. जेवढं गेलं तेवढं आमच्या सोयाबीनमधून भरून देते, असं मायनं काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काका नको म्हणाले. मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा निघाला. मी दोन दिवस त्यांच्याविषयी चांगलं बोललेही.

शेवटचं सोयाबीन वाळलं त्या संध्याकाळी खळ्यावरच चहा आला. काका उकिडवे बसले आणि बोलायला लागले. म्हणाले, पोतं नको, भरपाई नको, चूक तर कुणाचीच नाही. फोननं मोटर चालू होते, पण दारं धरायला रानात माणूस लागतं. वैनी एकटी. त्यांचं वय झालं, गुडघे दुखतात. किती दिवस लाईटच्या मागं पळायचं? पोरीकडं जावं, आराम करावा, टीव्ही बघावा. रान मी बघतो, बटईनं. घरचंच तर आहे.

मी ऐकत होते आणि मला काहीतरी ओळखीचं वाटत होतं. एकटी, गुडघे, लाईटच्या मागं पळणं, आराम, टीव्ही. हे सगळं मीच बोलत आले होते. त्याच शब्दांत, त्याच क्रमानं, स्वयंपाकघरात, फोनवर, नवऱ्याला, मायला, सगळ्यांना. माझं कारण चांगलं आणि काकांचं वाईट, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि शेवटी आम्ही दोघं मायला एकाच जागी नेऊन सोडत होतो. मला लाज वाटली. पण त्याहून वाईट म्हणजे, हे सगळं मनात चाललेलं असताना माझी मान सवयीनं हलत होती. हो, हो, आराम करावा, अशी.

काकांनी ती मान बघितली. ते मायला म्हणाले, बघा वैनी, तुमची पोरगी बी तेच म्हणते.

माय माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. आता ही काय म्हणते, एवढंच. माझ्या मानेवर तिचं रान टांगलेलं होतं. काकांच्या सोयाबीनची नासाडी मी केलेली, त्यांचा चहा माझ्या हातात. मी कपात बघितलं.

मायनं तिचा कप खाली ठेवला.

"भाऊजी, रानात माणूस होतं. मी हाय की. माझ्या रानात पाणी सुटलं आन् ते मलाच ठावं न्हवतं, एवढंच झालं. हिनं मला इचारलं न्हाई. आन् आता तुमी बी मला इचारायचं सोडून हिच्या तोंडाकडं बघायलाव."

माय पुढं म्हणाली, "रान मी द्यायची न्हाई. मला होतंय तवर मीच करीन."

एवढं बोलून तिनं उरलेला चहा प्यायला. काकांनी काडी उचलून मातीत दोन रेघोट्या ओढल्या. काका वाईट माणूस नाहीत, हेही मला तिथंच मान्य करावं लागलं, आणि ते मला जड गेलं. त्यांनी काडी टाकली आणि विचारलं की मळणी यंत्र उद्या-परवा येईल, तोवर वरून पाणी सोडणार नाही ना. हे त्यांनी मायला विचारलं. माय म्हणाली, न्हाई सोडत, आणि सोडायच्या आदी तुम्हाला फोन करते. काकांनी खिशातून फोन काढून मायचा नंबर आहे की नाही ते तपासलं. नव्हता. इतकी वर्षं बांधाला बांध आणि नंबर नव्हता. मायनं सांगितला, त्यांनी घेतला.

त्या रात्री जेवताना मी मायला म्हटलं की माझं चुकलं. ती म्हणाली, कांद्याचं रोप परत टाकावं लागंल, बी घेऊन ये बीडाहून. मी परत म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, ऐकलं की मी, भाकर घे.

सकाळी मला परत निघायचं होतं. माय विहिरीवर चालली होती, मी तिच्यासोबत गेले. फुटलेल्या वाफ्यांतून चाललो. आमचा कांदा अर्धा गेला होता, त्याविषयी ती माझ्याशी अजूनही बोलली नव्हती. पेटीपाशी आल्यावर तिनं पदराच्या गाठीतून तिचा फोन काढला, बटनांचा, कडेला रबर लावलेला, आणि म्हणाली, तुझा नंबर काढ आता, माझा टाक.

मी लगेच तयार झाले. मेन नंबर तुझाच करते, लाईट आली की तुलाच फोन येईल, असं म्हणत मी मेसेज लिहायला लागले. खरं म्हणजे मला हलकं वाटत होतं. पण सुटायच्या जागी मी परत अडकलेच. मी म्हटलं, माझा पण राहू दे ना, दुसरा नंबर म्हणून. कधी तू आजारी असशील, कधी बाजाराला जाशील. मी काही न विचारता चालू करणार नाही आता.

माय म्हणाली, "इचारून करशील?"

"हो. दर वेळेला विचारीन."

"मंग मोटरीचा नंबर कशाला लागतो तुला? मलाच फोन कर की."

मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडं सगळ्याला उत्तर असतं, त्यासाठीच लोक पोरं आमच्या क्लासला घालतात. विहिरीवर उभी राहून मी शोधलं, आणि मला फक्त एवढंच सापडलं की पेटी बसवल्यापासून मी मोटरीला रोज फोन केला होता आणि मायला कामाशिवाय एकदाही नाही.

मी तिचा नंबर टाकला, माझा काढला. थोड्या वेळानं लाईट आली आणि पेटीनं फोन केला. माय पेटीच्या शेजारीच उभी होती, तरी तिनं पदरानं हात पुसले, फोन कानाला लावला आणि पेटीतल्या बाईचं सगळं बोलणं मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं बटन काही दाबलं नाही. काकांना दिलेला शब्द होता. मला म्हणाली, बस चुकंल तुझी, आणि खोरं घेऊन फुटलेल्या वाफ्यांकडं गेली.